बाईंची पंचाहत्तरी : द्यायचे काय, मागायचे काय

माहीम, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातल्या मराठी शाळांचे कितीतरी माजी विद्यार्थी आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच आणि कधी ना कधी त्यावर निरोप येतो : बाईंना पंचाहत्तर पूर्ण होताहेत, काहीतरी करू या. मग वर्गणी ठरते, धुरू हॉल मिळतो का, वनिता समाजाची तारीख मोकळी आहे का, याची चौकशी सुरू होते. मानपत्राचा मजकूर कोणी लिहायचा, यावर दोन दिवस चर्चा चालते. ठरल्या संध्याकाळी बाईंना मधल्या खुर्चीत बसवून पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळतात. शाल, श्रीफळ, खणानारळाची ओटी होते. चार-पाच जण मनोगत व्यक्त करतात आणि शेवटी बाई 'दोन शब्द' बोलायला उठतात. गळा दाटून आल्याने तेही पुरे होत नाहीत. हे सगळे मनापासून होते आणि व्हायलाच हवे. माझे म्हणणे एवढेच, की या संध्याकाळी सगळे जण बाईंविषयी बोलतात. बाईंना मात्र कोणी काही विचारत नाही. ज्यांनी आयुष्यभर प्रश्न विचारले आणि प्रश्नांना उत्तरे दिली, त्यांचा सत्कार प्रश्नांशिवाय उरकतो. शिक्षकाचा खरा गौरव त्याच्याकडून अजून काही शिकून घेण्यात आहे आणि पंचाहत्तरी हा त्यासाठीचा योग्य, बहुधा शेवटचा सोयीचा टप्पा आहे, असे मला वाटते. ते का, हे इथे सविस्तर मांडतो.

आधी वयाचा हिशोब पाहू. आपल्याकडे साठीला षष्ट्यब्दीपूर्ती, पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव आणि एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस जातात, त्यामुळे हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षे आणि दहा महिने लागतात. महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळांमधला शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे त्याची साठी निवृत्तीच्या निरोपसमारंभाला जवळजवळ लागूनच येते. तेव्हा शाळेतले सहकारी आजूबाजूला असतात, आठवणी ताज्या असतात, पण अंतर पडलेले नसते. पंचाहत्तरीला सतरा वर्षांचे अंतर पडलेले असते. शेवटच्या वर्षी चौथीत असलेले मूलही तोवर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे झालेले असते, आणि बाईंची स्मरणशक्ती बहुतेक वेळा अजून शाबूत असते. एक्याऐंशीला कान, डोळे आणि दम यांचा भरवसा राहत नाही. म्हणून या तीन टप्प्यांत मी पंचाहत्तरीला जास्त मोल देतो.

आपल्याच महाराष्ट्रात शिक्षकाच्या वाढदिवसाचा एक सोहळा असा झाला, की त्याचे फळ शंभर वर्षांनंतरही हाती लागते आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना ६ जुलै १९१७ रोजी ऐंशी वर्षे पूर्ण झाली. आज त्यांचे नाव घेताना प्राच्यविद्येचे महापंडित, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, प्रार्थना समाजाचे अग्रणी अशी ओळख दिली जाते. पण एल्फिन्स्टन आणि डेक्कन कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी ते शाळामास्तर होते. सिंधमधल्या हैदराबादेत आणि मग रत्नागिरीत ते हायस्कूलचे हेडमास्तर होते. संस्कृत शिकणाऱ्या पोरांच्या हाती द्यायला सोपे पुस्तक नाही, ही अडचण त्यांना वर्गात उभे राहून कळली, आणि त्यातून १८६०च्या दशकात 'मार्गोपदेशिका' आणि 'मंदिरांतःप्रवेशिका' ही दोन पाठ्यपुस्तके तयार झाली. एक धडा, थोडे व्याकरण, लगेच भाषांतराला वाक्ये, मग पुढचा धडा : ही रचना ज्याने चुकणारी मुले रोज पाहिली आहेत त्यालाच सुचू शकते. पुढच्या कित्येक पिढ्या याच पुस्तकांवरून संस्कृत शिकल्या.

तर अशा माणसाच्या ऐंशीव्या वाढदिवसाला काय करायचे, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांपुढे आला. श्रीपाद कृष्ण बेलवलकर, पांडुरंग दामोदर गुणे हे तरुण अभ्यासक त्यात पुढे होते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. निरनिराळ्या विद्वानांचे लेख जमवून एक गौरवग्रंथ त्यांना अर्पण केला. त्या लेखांचे विषय अभ्यासाचे होते. गुरूला लेख अर्पण करायचा तो त्याच्याच विषयात एखादे पाऊल पुढे टाकून, अशी त्यामागची समजूत होती. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच दिवशी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था सुरू झाली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला. पुढच्याच वर्षी, १९१८मध्ये, डेक्कन कॉलेजात असलेला सरकारी हस्तलिखितांचा मोठा साठा संस्थेकडे आला. त्या साठ्यातला काही भाग स्वतः भांडारकरांनी नोकरीच्या काळात गावोगाव शोध घेऊन मिळवलेला होता. १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले गेले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली गेली आणि १९६६मध्ये ते काम पुरे झाले. पूर्ततेच्या समारंभाला राष्ट्रपती म्हणून सर्वपल्ली राधाकृष्णन आले होते. ज्यांचा वाढदिवस १९६२पासून देशभर शिक्षक दिन म्हणून पाळला जातो तेच राधाकृष्णन. एका निवृत्त शिक्षकाच्या वाढदिवशी रुजलेले काम जवळजवळ पन्नास वर्षांनी दुसऱ्या शिक्षकाच्या हस्ते लोकांपुढे आले. १९१७च्या त्या दिवशी भांडारकरांच्या खांद्यावर कोणी शाल घातली असेलही. ती आज कोणाला आठवत नाही आणि आठवण्याचे कारणही नाही. त्यांच्याजवळचे जे घेण्यासारखे होते ते घेतले गेले, हे मात्र त्या संस्थेत आजही कोणालाही पाहता येते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. भांडारकर कुठे आणि आमच्या बाई कुठे? बाईंनी माहीमच्या एखाद्या प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला मराठी, गणित आणि परिसर अभ्यास शिकवला. त्यांच्याजवळ हस्तलिखिते नाहीत, त्यांच्या नावाने संस्था काढायला कोणी निघालेले नाही. आक्षेप खरा आहे, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे : संस्कृत पंडिताजवळचे ज्ञान हे ज्ञान, आणि वजाबाकी शिकवणाऱ्या बाईंजवळचे ते नुसते काम. हे गृहीत तपासायला एकच उदाहरण घेतो. चारशे दोनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा करायचे आहेत. बरोबर उत्तर दोनशे चोवीस. पण वर्गातली काही मुले हटकून तीनशे शहात्तर लिहितात. का? दोनातून आठ जात नाहीत म्हणून ती आठातून दोन वजा करतात, शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य, आणि चारातून एक. मुलाने नियम मोडलेला नाही. 'मोठ्यातून लहान जातो' हा आधी शिकवलेला नियम त्याने इमानाने चुकीच्या जागी वापरला आहे. या मुलाला 'नीट बघ' म्हणून उपयोग नाही, दहा वेळा उदाहरण घालूनही नाही. त्याच्यासमोर दशक सुटा करून दाखवावा लागतो, आणि दशकस्थानी शून्य असेल तेव्हा आधी शतक मोडावे लागते, हे हाताने करू द्यावे लागते. पस्तीस वर्षे हे पाहिलेल्या बाईंना पाटीवरचे उत्तर बघताच कळते की मूल कुठे अडले आहे. गणिताच्या पदवीधराला ते कळेलच असे नाही.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८०च्या दशकात नेमकी ही गोष्ट मांडली. विषय येणे वेगळे, शिकवण्याची सर्वसाधारण तंत्रे येणे वेगळे, आणि हा विषय या वयाच्या मुलाला कुठे अडतो व कसा सुटतो हे माहीत असणे वेगळे. हे तिसरे ज्ञान फक्त शिक्षकाचे असते. शुलमन यांची मोठी खंत अशी होती, की या व्यवसायाला स्वतःची आठवण नाही. वास्तुरचनाकारांचे आराखडे मागे राहतात, न्यायालयांचे निकाल छापले जातात, डॉक्टरांकडे रोग्यांच्या नोंदी असतात, बुद्धिबळाचे डावसुद्धा चाल न् चाल लिहून ठेवलेले असतात. चांगल्या शिक्षकाचा तास मात्र घंटा झाली की संपतो. आपल्या शाळांना हे तंतोतंत लागू पडते. बाईंची टाचणवही तपासणीपुरती असते आणि तिच्यात उद्दिष्टे असतात, अडलेली मुले नसतात. बाई निवृत्त झाल्या की दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी आलेली नवी शिक्षिका पहिल्यापासून सुरुवात करते. जे कळायला बाईंना पंधरा वर्षे लागली, ते तिलाही पुन्हा पंधरा वर्षे लावूनच कळणार. ही उधळपट्टी थांबवण्याची संधी पंचाहत्तरीच्या निमित्ताने मिळत असेल, तर ती का दवडायची?

बाईंजवळ दुसरेही काही असते, आणि माहीमसारख्या ठिकाणी त्याचे मोल फार मोठे आहे. १९५० साली जन्मलेली एखादी शिक्षिका धरा. डी.एड. करून १९७१च्या सुमारास ती नोकरीला लागली असेल आणि २००८मध्ये निवृत्त झाली असेल. वर्गात पंचेचाळीस मुले धरली तरी सदतीस वर्षांत दीड हजारांहून अधिक मुले तिच्या हाताखालून गेली. ती नोकरीला लागली तेव्हा १९६७मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके नवी होती. १९७५मध्ये अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा आली. १९८२च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. लालबाग-परळच नव्हे, आसपासच्या सगळ्या मराठी शाळांपर्यंत त्याचे चटके पोचले, कुठल्या मुलाचा डबा बंद झाला आणि कोणाचा दाखला कोकणातल्या गावी गेला हे वर्गशिक्षिकेला आधी कळले. १९९२-९३च्या दंगलीत माहीम होरपळले. १२ मार्च १९९३ला इथल्या मच्छीमार वसाहतीवर हातबॉम्ब फेकले गेले. २६ जुलै २००५ला मिठी नदीने खाडीकाठचा सगळा परिसर बुडवला आणि मुंबईभर मुले रात्रभर शाळांत अडकून पडली. ११ जुलै २००६ला लोकलगाड्यांत झालेल्या सात स्फोटांतला एक माहीम स्थानकात झाला. एकाच शिक्षिकेच्या नोकरीच्या काळात एवढे सगळे घडले. यातल्या प्रत्येक घटनेनंतर दोन-चार दिवसांनी, कधी दोन-चार आठवड्यांनी, शाळा पुन्हा भरली. हजेरी घेताना कोणकोणती नावे गैरहजर निघाली, कोण परत आले, कोण आलेच नाही, शीतलादेवीजवळ राहणारी आणि दर्ग्यामागच्या गल्लीतली मुले पुन्हा एका बाकावर बसायला किती दिवस लागले, बाईंनी त्यांना काय सांगितले आणि काय मुद्दाम सांगितले नाही : हे त्या वर्गातल्या बाईंनाच ठाऊक आहे. १९९२-९३च्या दंगलीवरच्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात पोलीस ठाण्यांनुसार तपशील आहे, माहीमचाही आहे. पण दंगलीनंतरच्या पहिल्या तासाची हकीगत पोलीस ठाण्यात नोंदवली जात नसते.

असे काम करता येते, हे आपल्या शेजारीच सिद्ध झाले आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभरेक माणसांना बोलते करून 'कथा मुंबईच्या गिरणगावची' हा मौखिक इतिहास सिद्ध केला. कामगार, संघटक, खानावळ चालवणाऱ्या बायका, कलावंत अशी सगळी माणसे त्यात स्वतःच्या तोंडाने बोलतात. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले तरी त्या पुस्तकामुळे गिरणगाव वाचता येते. मराठी शाळांचेही तसेच होत आहे. वर्ग बंद होताहेत, तुकड्या कमी होताहेत, काही इमारतींत माध्यम बदलले आहे. त्या शाळा भरात असताना आतून कशा चालत होत्या हे सांगणारी पिढी आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहे. या कामाला आपल्याजवळ किती वेळ उरला आहे, याचा हिशोब कोणालाही करता येईल.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो : म्हातारपणीच्या आठवणींवर कितीसा विश्वास ठेवायचा? साल चुकते, दोन वर्गांतली मुले एकमेकांत मिसळतात, स्वतःचे वागणे जरा उजळ दिसू लागते. हे खरेच आहे, आणि म्हणूनच एकट्या आठवणीवर विसंबू नये. शाळेचे जनरल रजिस्टर, जुने हजेरीपट, गटफोटो, त्या-त्या वर्षांची बालभारतीची पुस्तके समोर ठेवून बोलावे. त्या काळचे दोन-तीन विद्यार्थी सोबत बसले तर साल-नावे आपोआप दुरुस्त होतात. शिवाय शिकवण्याच्या रीतीची आठवण ही तारखेसारखी निसटत नाही. जी गोष्ट दरवर्षी, वर्षानुवर्षे हाताने केली ती अंगात मुरलेली असते. चारशे दोनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा करून दाखवा म्हटले, तर बाई बोलण्याआधी खडू शोधतील.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सगळ्याच बाई आणि सगळेच सर प्रेमळ नव्हते. त्या काळात छडी होती, अंगठे धरून उभे करणे होते, 'तुला काही येणार नाही' हे चारचौघांत सांगणे होते. कोणत्या वस्तीतून मूल आले आहे यावरून त्याची जागा ठरवणेही होते. शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने स्पष्ट बंदी घातली, त्याआधी ते अनेक वर्गांत राजरोस चालत असे. अमृतमहोत्सवाच्या व्यासपीठावर हे कोणी बोलत नाही, बोलूही नये. तो प्रसंग नाही. पण मागच्या रांगेत बसलेल्या किंवा न आलेल्या माणसाच्या मनात ते असते. मग अशा शिक्षकाला मान द्यायचा का? मला वाटते, नुसत्या स्तुतीपेक्षा विचारपूस हीच इथे जास्त प्रामाणिक वाट आहे. शांतपणे, घरच्या खोलीत, 'बाई, तुम्ही तेव्हा मारत होतात, आज त्याबद्दल काय वाटते?' असे विचारता येते. पुष्कळ शिक्षकांनी यावर निवृत्तीनंतर बराच विचार केलेला असतो आणि तो कोणाजवळ तरी बोलायचा असतो. एकाच्या उत्तराने समाधान होईल, दुसऱ्याच्या होणार नाही. पण माणूस म्हणून समोर बसवून प्रश्न विचारणे हा देव्हाऱ्यात बसवण्यापेक्षा मोठा मान आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

उरला एक आक्षेप, तो प्रेमातून येतो. या वयात बाईंना त्रास कशाला? त्यांना चार घटका आनंद द्यावा, मुलाखती कसल्या घेता? आणि बाई स्वतःही म्हणतील, 'माझ्यात काय आहे सांगण्यासारखे?' इथे धोंडो केशव कर्वे आठवतात. तेही मूळचे शिक्षक. मुंबईत मुलींच्या शाळांमधून शिकवण्या करत दिवस काढलेले, मग फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून १९१४मध्ये निवृत्त झालेले. शंभराव्या वर्षी, १९५८मध्ये, त्यांना भारतरत्न मिळाले आणि हयात असताना टपाल तिकिटावर चित्र येण्याचा मानही. मुंबईतल्या क्वीन्स रोडला त्यांचे नाव आहे. पण कर्वे कसे होते हे आपल्याला या मानांमुळे कळत नाही. ते कळते १९१५मध्ये त्यांनी लिहिलेल्या 'आत्मवृत्त' या पुस्तकामुळे. मुरूडहून पायी साताऱ्याला परीक्षेसाठी गेलेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवलेला मुलगा त्यात भेटतो. अतिशय भिडस्त आणि स्वतःविषयी बोलायला संकोचणाऱ्या त्या माणसाने तेवढे लिहून ठेवले म्हणून शंभरीच्या वेळी देशापुढे पुतळ्याऐवजी माणूस होता. प्रत्येक शिक्षक लिहील असे नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी विद्यार्थ्यांनी लिहून घ्यायचे असते. त्रासाचे म्हणाल, तर दिवसाला अर्धा-पाऊण तास, तोही बाईंना सोयीचा, आणि थकल्या की थांबायचे. आपल्या कामाबद्दल कोणी इतक्या बारकाईने विचारते आहे, यातला आनंद शालीच्या उबेपेक्षा कमी नसतो.

यासाठी सोहळा रद्द करण्याची गरज नाही. फक्त तयारी दोन महिने आधी सुरू करावी. विचारायला तिघे पुरेत, पण निवड विचाराने व्हावी : एक जण पहिल्या नंबरांतला, एक नापास झालेला किंवा शाळा मधेच सोडलेला, आणि एक जण आज स्वतः शिक्षक असलेला. तिसऱ्याला शिकवताना कुठे अडते हे ठाऊक असते, दुसऱ्याला जे विचारावेसे वाटते ते पहिल्याला सुचतही नाही. मोबाइलवर आवाज नोंदवता येतो, त्यासाठी खर्च नाही. बाईंची परवानगी आधी घ्यावी. एखादा भाग त्यांना नको वाटला तर तो गाळावा, विद्यार्थ्यांची नावे उघड करू नयेत. नोंदवलेले सगळे उतरवून काढून बाईंना एकदा वाचून दाखवावे. मानपत्राच्या चौकटीवर होणारा खर्च या छपाईला पुरतो. एक प्रत बाईंच्या घरी, एक शाळेच्या ग्रंथालयात, एक दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या वाचनालयाकडे चौकशी करून त्यांच्या संग्रहात, आणि एक जवळच्या डी.एड. कॉलेजात, जिथे उद्याच्या बाई आज पाठ घ्यायला शिकत आहेत. ही शेवटची प्रत विसरू नये. गौरवसमारंभाच्या शंभर निमंत्रणांपैकी चार-पाच त्या कॉलेजातल्या मुलींनाही द्यावीत, आणि मनोगते झाल्यावर त्यांच्यापैकी एकीला उठून बाईंना वर्गातली एखादी अडचण विचारू द्यावी. खडू आणि फळा हॉलमध्ये आधीच आणून ठेवलेला असावा.